रबर आणि सुरी

दादाच्या गुदाशयातून काढलेला तुकडा जेमतेम नखाएवढा होता. डॉक्टर बहिणीने तो बुचाच्या फळीवर ठेवला, कडा हलकेच ताणून सपाट केला आणि चहूबाजूंनी टाचण्या टोचल्या. सिस्टर बघतच राहिली.

"मॅडम, रबराचा आहे ना? रबराचे तर आपण तसेच बाटलीत टाकतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "हा माझ्या भावाचा आहे."

अशी बारीक गाठ काढायच्या त्यांच्याकडे दोन रीती होत्या. एकीत दुर्बिणीतून सुरी आत घालायची आणि गाठ खालच्या थरापासून सोडवत न्यायची. त्यात तास जाई, घाम निघे, कधी आतड्याला भोकही पडे. दुसरीत गाठ दुर्बिणीच्या टोकावरच्या टोपीत ओढून घ्यायची, बुडाशी रबराचं कडं चढवायचं आणि कड्याखालून तारेच्या फासाने कापायचं. चहा निवायच्या आत काम फत्ते. दोन वर्षं ती या दोन्हींची तुलना करत होती. सुरीच्या काही तुकड्यांत गाठ थेट कापलेल्या बुडापर्यंत पोचलेली निघे. म्हणजे थोडी आत राहिलेली. रबराचे सगळे साफ. 'सगळे' या शब्दाची तिला मधूनच भीती वाटे, पण आकडे आपल्याच बाजूने असले की माणूस फार खोदत नाही.

दादाला रबर तिनेच सुचवलं.

"तुझ्या हातात सुरी नकोच," दादा म्हणाला होता. "पेन्सिल तासता तासता माझं बोट तासलं होतंस."

वहिनी हसली नव्हती. "तुमचं दोघांचं चालू दे. मला एवढंच सांगा, मुळापासून निघेल ना?"

"मुळापासून," तिने सांगून टाकलं होतं.

तीन-चार दिवसांनी ढापण्याने तिला तपासणीच्या खोलीत बोलावलं. तुकडे तपासणारा हा तिचा वर्गमित्र एरवी जिन्यातूनच ओरडून निकाल सांगे. आज त्याने दार लावून घेतलं आणि सूक्ष्मदर्शक तिच्याकडे सरकवला.

गाठीच्या निळ्या पेशी रांगेने बुडापर्यंत उतरल्या होत्या. तिथे काप होता. पुढे काहीच नव्हतं.

तिने काचपट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. "रबराने असं कधीच झालेलं नाही. तुकड्यांची अदलाबदल तर नाही ना?"

"नाही. पण हा ताठ आलाय. तू टाचलास?"

"हो."

"सुरीचे मोठे असतात, म्हणून तुम्ही टाचता. रबराचे बाटलीत गोगलगायीसारखे अंग चोरून बसतात. बूड आत वळतं. मला ते धड दिसतच नाही."

"पण बुडाशी गाठ नाही, असं तूच लिहायचास."

"दिसली नाही, असं लिहायचो. साफ तू धरलंस."

बाहेर बाकावर दादा वहिनीला काहीतरी सांगून हसवत होता. आवाज दारातून आत येत होता.

"दादाला काय सांगू?" तिने विचारलं.

"खरं ते सांग. राहिलेली पुन्हा काढता येईल. त्याचं वेळेत कळलं." ढापण्याने चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून बसला. "बाकीच्यांना आपण, आता परत यायची गरज नाही, असं सांगून घरी पाठवलंय."