जिनिंगमधलं लग्न

"हे न्हाई. हे बी न्हाई," मिल्काबाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

लग्नाचे फोटो काढायला आलेल्या सौदामिनीने डोळ्याला लावलेला कॅमेरा पुन्हा खाली घेतला. नवरी हदासा पांढऱ्या साडीच्या निऱ्या सावरत आजीच्या मागे चालत होती. पलीकडच्या मोठ्या हॉलमध्ये चार खांबांवर ताणलेल्या कापडाखाली नवरदेव ताटकळत उभा होता. नवरी येताना दिसली की त्याने गाणं म्हणायला सुरुवात करायची, अशी या बेने इस्राएल ज्यू लोकांची रीत. बोलावणं दोनदा येऊन गेलं होतं. फाल्गुनातलं ऊन कलू लागलं होतं.

नांदेडच्या या जुन्या जिनिंगचं आता लग्नाचं कार्यालय झालं होतं. विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. छताच्या लोखंडी कैच्यांना काळा रंग. कापसाच्या गाठी बांधायचं प्रेस शोभेला ठेवून त्यावर निशिगंधाच्या माळा सोडलेल्या. मागे कामगारांची चाळ होती, तिच्यात पाहुण्यांसाठी खोल्या केल्या होत्या. मिल्काबाईंचे वडील इथलं इंजिन सांभाळायचे. त्या लहान असतानाच घरचे सगळे इस्राएलला गेले. नातीचं लग्न तिकडे अश्दोदलाच व्हायचं होतं. आजीने हट्ट धरून ते नांदेडला आणलं. आपण जन्मलो त्या खोलीच्या दारातून नात लग्नाला निघावी आणि तसा एक फोटो असावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि ती खोलीच सापडत नव्हती.

"पिलास्टर करायचं ऱ्हाऊन गेलं का रे?" त्यांनी मॅनेजर शिवमूर्तीला विचारलं.

"आजी, याला इंडस्ट्रियल लुक म्हणतात."

"आमच्या टायमाला जिनिंगच म्हणायचे."

शिवमूर्ती हसला. इतकी वर्षं परदेशात राहूनही त्यांची बोली नांदेडचीच होती. आता नांदेडातही कुणी तसं बोलत नव्हतं. सौदामिनीला आपल्या आईची आठवण झाली.

"मावशी, मी वाढले याच चाळीत," ती म्हणाली. "पण इंजिनवाले साहेब माझ्या जन्माआधीचे. आमच्या वेळी प्रत्येक खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं होती. कोण कुठं राहून गेलं, कुणाला ठाऊक!"

चाळीची दोन्ही टोकं पाडून टाकलेली होती. त्यामुळे खोल्या मोजूनही उपयोग नव्हता. सगळ्या दारांना एकसारखं वार्निश होतं. मिल्काबाई मधेच थांबल्या. त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

"जाऊ द्या. कोनच्या बी दारात काढा," त्या म्हणाल्या. "सपनात रोज येती मी हितं. आन् आपलंच घर वळखू आलं न्हाई मला."

हदासाने आजीचा हात धरला.

निदान फोटो तरी चांगला यावा, असं सौदामिनीला वाटलं. ती स्वतःच्या जुन्या खोलीकडे गेली; चाळीची टोकं तिच्या डोळ्यांदेखत पाडली होती, त्यामुळे ती खोली तिला नेमकी ठाऊक होती. तिथे या वेळेला ऊन कसं तिरपं येतं, ते तिला पाठ होतं. आतून बाहेर बघून घ्यावं म्हणून तिने कॅमेरा डाव्या हातात घेतला, उजव्या हाताने चौकटीला स्पर्श केला, बोटं ओठांना टेकवली आणि ती आत शिरली. नवरीला हाक मारायला वळली, तर मिल्काबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"हे काय केलंत?"

"काय?"

"हात लावला न्हाई का तुमी?"

सौदामिनी ओशाळून हसली. "सवय आहे हो. आम्ही याच खोलीत राहायचो. आत-बाहेर करताना बाबा आम्हाला असा हात लावायला सांगायचे. दुसऱ्या कुठल्या दाराला नाही लावत मी."

मिल्काबाई पुढे आल्या. त्यांनी चौकट चाचपून पाहिली. लाकूड गुळगुळीत होतं. तिथे काहीच नव्हतं.

"मेझुझा व्हती हितं," त्या नातीला म्हणाल्या. मग सौदामिनीकडे वळल्या. "देवाचं वचन लिहून घातलेली पितळी डबी. हात लावायचा, बोटं ओठाला लावायची. गाव सोडताना पप्पांनी काढून घेतली. खिळ्याची भोकं बुजवून घे म्हणून फिटरला सांगितलं. हणमंतला."

"हणमंतराव माझे बाबा," सौदामिनी म्हणाली.

हदासाने त्या कोऱ्या लाकडाला हात लावला आणि बोटं ओठांपाशी नेली. सौदामिनीने फोटो घेतला. डोळे भरून आले होते, तरी बोट चुकलं नाही.

"पण डबी तर पप्पांनी नेली व्हती," मिल्काबाई म्हणाल्या. "भोकं त्यानंच बुजवली. मंग हात कशाला लावायचा त्यो?"

"मी पण विचारायचे," सौदामिनी म्हणाली. "तर म्हणायचे, घरवाले परत येईपर्यंत आपण लावायचा."