होडीघराची किल्ली

युद्ध संपल्यावर गावाने बुडालेल्या खलाशांसाठी बंदरात शिळा उभारली. नावं कोरणारा हाल्वर मित्राच्या नावापाशी अडला. “गुद्नीवहिनी, आन्फिनचं मालवाहू जहाज बेचाळीसच्या मार्चमध्ये बुडालं. तीच तारीख घालू ना?” “मग हे कुणी लिहिलं, सांगा?” तिने रेड क्रॉसची चिठ्ठी पुढे केली. जर्मनांच्या अमलात परदेशातल्या माणसाला पंचवीसच शब्द धाडता यायचे, आणि उत्तर त्याच कागदामागे यायचं. त्याच वर्षी जूनमध्ये तिने विचारलं होतं, होडीघराची किल्ली कुठाय? मागच्या बाजूला आन्फिनचं अक्षर: विहिरीच्या कठड्यात, तिसऱ्या दगडाआड. “कुणीतरी थट्टा केली असेल, वहिनी.” “थट्टेनं किल्ली सापडते होय? तिथेच होती ती. शेवटची ओळ तेवढी इतकी वर्षं कळत नव्हती, भाऊजी. आज कळली.” हाल्वरने चष्मा चढवला आणि कागद उजेडाकडे धरला. ‘हाल्वरला म्हणावं, छिन्नी खाली ठेव.’