पुढचा उजवा पाय

मुसकं बांधायच्या आतच कुत्र्याने कंपाउंडरचा अंगठा फोडला. टेबलावर रक्त, एप्रनवर रक्त. "मेलो, मेलो!" करत कंपाउंडर बेसिनकडे पळाला. मालकाने साखळीला असा हिसका दिला की ते एवढं मोठं धूड फरशीवर आपटलं. वर बुटाची लाथ. एकीने भागेना म्हणून दुसरी.

"अहो, तपासायला आणलंय की मारायला?" डॉक्टर कडाडली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"कुत्रा माझा आहे, बाई. पाय मोडलाय का तेवढं सांगा. मोडला असेल तर इथेच सुई टोचून संपवा. गोदामावर लंगडं जनावर काय कामाचं?"

असा हा माणूस. बायको त्याच्या मागे उभी होती, बाह्या पार बोटांपर्यंत ओढून. कुत्रा तिचं तेवढं ऐकायचा, म्हणून तिला बरोबर आणलेलं. लंगडतोय हेही तिनेच घरी सांगितलं होतं. तिने नुसतं "बस" म्हटलं आणि मुसकं बांधलंसुद्धा, एका हाताने. डॉक्टरने पुढचा उजवा पाय दाबून पाहिला. कुत्रा गुरगुरला, पण कळवळला नाही. एक्स-रे काढल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

भुलीचं इंजेक्शन द्यायला मालकाने साफ नकार दिला. "रात्री गोदाम कोण राखणार, तुम्ही?" म्हणजे कुणीतरी कुत्र्याजवळ थांबणं आलं. कंपाउंडर जायबंदी. मालक जवळ आला की कुत्रा पिसाळल्यासारखा करायचा. कंपाउंडर अंगठ्याला पट्टी बांधून बाहेर बसला होता. डॉक्टरने मालकालाही बाहेर काढलं आणि दार लोटलं. त्याने बाहेरून दारावर बुक्की हाणली.

"हा शिशाचा एप्रन घाला. हे हातमोजे," डॉक्टर बायकोला म्हणाली. "टेबलावर उजेडाचा चौकोन दिसतोय ना? त्यात फक्त त्याचा पाय. तुमचं नखही आत नको. पायाला फीत बांधलीय, ती लांबून ताणून धरायची."

उजव्या हाताचा मोजा चढेना. "राहू दे, मग तो हात पाठीमागे ठेवा," डॉक्टर म्हणाली आणि आडोशामागे गेली.

पहिला फोटो पार फसला. कुत्रा हललेला, सगळं पुसट, आणि कडेला माणसाची बोटं.

"हात मध्ये घातलात?" डॉक्टर ओरडली. "तुमच्या जिवाला बरं नाही हे! आणि फोटो बिघडला तर त्या मुक्या जिवाचं काय होईल? बाहेर तो उभा आहे, ऐकलंत ना काय म्हणाला ते?"

"चुकलं," बाई म्हणाली. "आणखी एकदा काढा."

बाहेर काहीतरी खळ्ळकन फुटलं. मालकाने खुर्ची काचेवर घातली होती. "मोडलाय का नाही, बोला!" कंपाउंडर काहीतरी समजावायला गेला, तर त्याच्याही थोबाडीत बसली. तो आवाज आतपर्यंत आला. कुत्रा थरथरत होता. बाई मात्र अजिबात हलली नाही.

डॉक्टरने घाईघाईने बटण दाबलं.

पडद्यावर आलेलं चित्र अगदी स्वच्छ होतं. इतका सरळ, इतका नीट मांडलेला फोटो डॉक्टरने कित्येक दिवसांत काढला नव्हता. कुत्र्याचा पाय चौकोनाच्या कोपऱ्यात सरकवलेला, हाड न् हाड धडधाकट. आणि बरोबर मधोमध माणसाचा पंजा, बोटं पसरून ठेवलेला. दोन बोटं कधीकाळी मोडून वाकडीच जुळलेली. मनगटाजवळ हाड ताजंच मोडलेलं, टोकं एकमेकांवर चढलेली.

डॉक्टरने दाराला आतून कडी घातली, वरचीही, आणि पोलिसांना फोन लावला. दारावर लाथा बसत होत्या. फोनची घंटा वाजत असताना ती बाईकडे वळली.

"कुत्र्याचा पाय... ठणठणीत आहे हो," ती कशीबशी म्हणाली.

"माहितीये मला," बाईने कुत्र्याच्या मानेवरून डावा हात फिरवला. "लंगडत नव्हताच तो. पण आमच्या घरात डॉक्टरकडे फक्त ह्यालाच नेतात."