दोन असत्यं

खुशालरावांनी पवित्र शास्त्र मिटलं, चष्मा काढून त्यावर ठेवला आणि चटईवर गुडघे टेकले. केशरबाईही त्यांच्या शेजारी टेकली. दिवेलागण व्हायची होती.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि हा नेम एकदाही चुकला नव्हता. जेवणाआधी दोघांनी आपापला दिवस देवापुढे उघडा करायचा. सकाळपासून काय वावगं बोललो, काय वावगं केलं, ते मोठ्यानं म्हणायचं आणि क्षमा मागायची. आधी बायकोनं, मग नवऱ्यानं. एकाचं चालू असताना दुसऱ्यानं डोळे उघडायचे नाहीत, मधे बोलायचं नाही. अमरावतीच्या मिशनच्या वाडीत पाळकसाहेब प्रवचनात खुशालराव मास्तरांच्या या नेमाचा दाखला देत.

"देवा," केशरबाई म्हणाली, "आज विहिरीवर शकुनसंगं भांडली मी. तिची बादली लोटली. मले क्षमा कर." ती जरा थांबली. "आन मन मायजवळ जाते. थे बिमार हाय असी चिठ्ठी आली तवापासून जाते. तिवस्याचं नाव काढू नको म्हणून यायनं सांगतलं हाय, तरी जाते. क्षमा कर."

तिवस्याला राहणारी तिची आई पार्बताबाई आणि भाऊ देवमन यांनी दोन वर्षांपूर्वी, छप्पन साली, नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. तेव्हापासून त्या घराचा उंबरा बंद, असं खुशालरावांनी ठरवून टाकलं होतं.

खुशालरावांनी घसा साफ केला. प्रार्थनेत ते वऱ्हाडी बोलत नसत.

"हे स्वर्गीय पित्या, तिसरीच्या वर्गात आज मी रागाच्या भरात एका मुलाला दोन छड्या अधिक मारल्या. मला क्षमा कर. पाळकसाहेबांनी माझ्या गायनाची स्तुती केली तेव्हा मनात गर्व आला. मला क्षमा कर." मग त्यांचा आवाज खाली गेला. "आणि प्रभू, आज दुपारी तुझा दास असत्य बोलला. तिवस्याहून देवमन आला होता. आईच्या घशाखाली आता पाणी उतरत नाही, ती सारखी केशरचं नाव घेते, असे तो म्हणाला. मी त्याला दारातूनच सांगितले की केशर यायला नाही म्हणते. हे एक असत्य. केशरने आतून विचारले, कोण आहे, तेव्हा मी म्हणालो, भिकारी आहे. हे दुसरे असत्य."

केशरबाईनं डोळे उघडले.

दुपारी ती मागच्या अंगणात धुणं पिळत होती. कडी वाजल्याचं तिनं ऐकलं होतं. शिळी भाकर हाय, द्या त्याले, असंही ती तिथूनच म्हणाली होती. गेला तो, असं उत्तर आलं होतं.

खुशालरावांचे डोळे मिटलेलेच होते. पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या.

"तिचा आत्मा वाचावा एवढाच माझा हेतू होता, हे तू जाणतोस. पण माझी जीभ विटाळली. ही दोन्ही असत्ये तुझ्या पुत्राच्या रक्ताने धुऊन टाक. आमेन."

ते थांबले. तिचं आमेन आल्याशिवाय प्रार्थना संपत नसे.

"आवो, माय हाय का गेली?"

"आधी आमेन म्हण."

"मोटार हाय का आता तिवस्याची?"

"शेवटची साडेपाचला गेली." खुशालरावांनी चष्मा लावला. त्यांचा चेहरा आंघोळ करून आल्यासारखा झाला होता. "देवाला मी सगळं सांगितलं, केशर. माझ्या मनात आता काही राहिलं नाही. तूही ठेवू नको. भाकरी टाक."

तिनं भाकरी टाकल्या.

सकाळी मात्र ती कोणाला न विचारता पहिल्या मोटारीत बसली. तिवस्याला उतरली तेव्हा दहा वाजले होते. घरापुढे ओल्या डोक्यांची माणसं बसली होती. देवमन तिला पाहून उठला नाही.

"माती झाली," तो म्हणाला. "उन्हाचे दिवस हायेत."

"माह्यासाठी थांबले नाई?"

"कावून थांबा? तू येतच नाही म्हणे."

"म्या नाई म्हटलं थे. तू आल्ता हेच मले ठाऊक नव्हतं. सांजच्याले समजलं."

देवमननं सरकून तिला बसायला जागा केली.

"मायले सांगतलं का?" तिनं विचारलं. "मी येत नाही म्हणून?"

"नाई. तोंडच झालं नाई माहं. येऊन राह्यली म्हटलं. मोटारीत बसली म्हटलं." त्यानं मान खाली घातली. "थेच चुकलं, बाई. घर आपलं सडकेवर. मोटार वाजली का थे मान उचले. मोटारी सरल्या, तं टरक वाजला तरी उचले. मानेत जीव नव्हता, तरी उचले. मंग मीच तिच्या कपायावर हात ठेवला आन दाबून धरला. उचलूच देल्लं नाई."