एकच छप्पर

पालघरजवळच्या माहीमला आमच्या आळीत हरेश्वरदादा आणि शेजारचा कैलास यांची मधल्या अंगणावरून कित्येक वर्षं बोलचाल बंद. गावाचा नकाशा करायला ड्रोन येणार म्हटल्यावर दोघांनीही आपापली हद्द चुन्याने आखली. दादांनी थेट कैलासच्या पायरीपर्यंत, कैलासने दादांच्या तुळशीपर्यंत.

त्यातच सप्ताह आला. मांडव पडला तो त्याच अंगणावर, कारण देवाच्या कामाला नाही म्हणायची दोघांचीही छाती नव्हती. बुवा कीर्तनात गहिवरून सांगायचे, "बाबांनो, ‘माझं माझं’ सोडा रे!" दोघंही डोळे पुसायचे, टाळ्या वाजवायचे आणि आरती झाली की पायांखाली पुसलेली रेघ पुन्हा मारायचे.

ड्रोन नेमका काल्याच्या दिवशी उडाला. नकाशा आला तर काय! दोन घरं आणि मांडव मिळून एकच लांबलचक छप्पर, आणि ते घर दोघांच्या नावावर सामाईक.

"बगतोस काय, कैलास? हरकत नाय घ्यायची? माजी गाडी तर बंद हाय."

"मग बसा माज्या मागं, दादा!"



आणि आपण दोघं वेगळे आहोत हे पटवून द्यायला दोघं एकाच स्कूटरवरून पालघरच्या मोजणी कचेरीत गेले.