शिळ्या नानची पिशवी

शेजारच्या हासियतने शिळ्या नानची पिशवी शराफतच्या अंगणातल्या बाजेवर उपडी केली. तुकड्यांबरोबर इंजेक्शनचं एक निळं पेन घरंगळत आलं. सुई टोकाला तशीच होती.

"माझ्या गायीच्या घशात गेली असती म्हणजे?" तिने अंगठा पुढे केला. वरची चिंधी रक्ताने भिजली होती. "तुमच्याच फाटकावरची पिशवी, शराफत."

मर्गिलान शहराच्या त्या गल्लीत नान कुणी कचऱ्यात टाकत नाही. शिळे तुकडे वेगळ्या पिशवीत घालून फाटकाला लटकवतात, गाय असेल तो घेऊन जातो. कचऱ्याची बादली सुनेने न्यायची, नानला मात्र थोरल्यांचा हात लागावा, असा शराफतच्या घरचा शिरस्ता.

शरमेने शराफतची कानशिलं तापली. आमच्या घरात दुखणं माहीत नाही, हा तिचा जन्माचा तोरा. सूनसुद्धा तिने गल्लीला सांगून सांगून, पारखून आणलेली.

ती सून, मुहय्यो, चहा घेऊन येत होती. तिने पेनाकडे पाहिलं, मग सासूकडे. किटली आणि खडीसाखरेची वाटी खाली ठेवली.

"माझं आहे ते," ती म्हणाली. "मला साखरेचा आजार आहे."

"अगं बाई!" हासियत अंगठ्याचं दुखणं विसरली. "काय गं शराफत, खरबूज घ्यावं तशी वाजवून आणली होतीस ना?"

"लग्नाआधी सांगायला काय झालं होतं?" शराफत सुनेवर खेकसली.

"चुकलं, आई."

मुहय्योने हासियतचा अंगठा नळाखाली धरून साबणाने धुतला. "कपडे बदलून या, मावशी. लगेच दवाखान्यात जाऊ. सुई टोचली की तपासून घेतलेलं बरं."

"आणि उद्या पुन्हा माझ्या गायीच्याच पिशवीत टाकशील!" हासियत फणकारली.

"नाही टाकणार. कपड्यांच्या साबणाची जाड बाटली रिकामी झालीय. टोचून झालं की सुई सरळ तिच्यात टाकायची. झाकण घट्ट लावायचं. बाटली भरत आली की चिकटपट्टी लावून दवाखान्यात द्यायची." ती हे सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली.

हासियत जाता जाता फाटकातून वळली. "पोराला सांग शराफत, अजून वेळ गेलेली नाही. दुसरी बघ म्हणावं!"

आता गल्लीभर व्हायला कितीसा वेळ? मुहय्योचे डोळे भरून आले. ती खाली वाकून नानचे तुकडे गोळा करत राहिली.

शराफतने चहा तसाच घेतला. खडीसाखरेला तिने हातही लावला नाही. मग उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लोटून बसली. सुनेच्या तोंडाकडे पाहायची तिला लाज वाटत होती.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. मुहय्योने साबणाची रिकामी बाटली आत सरकवली.

"पुलाव झाकून ठेवलाय, आई. मी मावशींना दाखवून आणते. तुम्ही आधी टोचून घ्या, मगच जेवा."