चाळिसाव्याचा फोटो

“मेलेल्या माणसाला भीक मागायला लावतोय, हलकट!” झ्लात्कानं फोन टेबलावर आपटला.

तिचा भाचा कालोयान तिच्या संगणकात डोकं खुपसून बसला होता. तिच्या नवऱ्याच्या, स्तामेनच्या खात्यावरून त्याच्या मासेमारीच्या दोस्तांना निरोप गेले होते : अडचणीत आहे, कुणाला सांगू नका, मदत पाठवा. डॅन्यूब नदीनं स्तामेनला ओढून नेल्याला आज चाळीस दिवस होत होते, प्रेतही हाती लागलं नव्हतं, आणि आता सगळं विदिन गाव कुजबुजत होतं.

“मावशी, खरं सांग. काय उतरवलंस यावर?”

चाळिसाव्याला गेलेल्याचा फोटो आणि चार ओळी छापून दारावर, बसथांब्यावर चिकटवायच्या असतात. तो गेला तेव्हा, पहिल्या खेपेला, छापखान्यातल्या बाईनं स्तामेनचा चेहरा काळाठिक्कर करून ठेवला होता. म्हणून या खेपेला फोटो नीट करायचा प्रोग्रॅम तिनं स्वतःच उतरवला. फुकटातला.

“आधी अँटीव्हायरस बंद करा, असं लिहिलं होतं. मी केला.”

“वा! चोरानं दार उघड म्हटलं, तू पाट मांडून मोकळी! अगं, फोटो हे नुसतं निमित्त. यानं आत शिरून साठवलेले पासवर्ड उचलले, उघडी खाती उचलली आणि मालकाला पाठवली. तुला आवाजसुद्धा आला नाही.”

“माझं काय न्यायचं ते ने म्हणावं! त्याच्या नावाला का हात लावतो?”

तिला संतापानं रडू फुटलं. सव्वीस वर्षांत त्या माणसानं कुणापुढे हात पसरला नव्हता. सकाळीच जिन्यात शेजारची पेंका म्हणाली होती, “गेल्यावर मागायची ही कुठली रीत गं?” आणि हे सगळं तिच्या एका फुकट्या हौसेपायी.

“हाकल त्याला. आत्ताच्या आत्ता.”

पासवर्ड बदलण्याआधी कालोयाननं स्तामेनचं खातं कुठे कुठे उघडं आहे, याची यादी काढली.

“हा बघ तुझा चोर. परदेशातला संगणक आहे. पण यानं नुसतं आत डोकावलंय. निरोप यानं पाठवलेले नाहीत.”

“मग कुणी?”

“हा एक फोन दिसतोय. तिकडे समुद्रकाठी, वार्ना शहरात आहे. पाच मिनिटांपूर्वी चालू होता. यालाही काढतो.”

“थांब.” झ्लात्का चष्मा पुसून पुढे वाकली.

फोनचं नाव होतं ‘माझा म्हातारा’. ते तिनंच ठेवलं होतं, आणि तो फोन स्तामेनच्या खिशातून त्याच्याबरोबर नदीत गेला होता.